ल की ला

टॉडमॉर्डनची शाळा. तिसरीचा वर्ग.
गुरुवार, जेवणानंतरचा तास.
अठ्ठावीस ओले कोट हीटरपाशी वाफाळतायत
आणि त्यांच्या खिशांतून चेस्टनट पडतात,
एकेक, टप्प,
जुन्या शिसवी पेटीसारखे तकतकीत.

फळ्यावर पाच ओळी. माझ्याच,
रविवारी रात्री भांडी विसळताना जुळवलेल्या:

से लोतॉन.
ला फय तोंब.
ल व्हाँ सूफ्ल.
ल मारों रूल.
ए म्वा, जेकूत.

म्हणजे, पानगळ आली.
(शरद म्हणणार होते, पण आमचा शरद चांदण्याचा,
हा चार वाजता दिवे लावायला लावणारा.)
पान पडतं, वारा फुंकतो,
चेस्टनट घरंगळतो.
आणि मी? मी ऐकते.

खरं तर ऐकत मीच असते.
'फय' म्हणताना अठ्ठावीस ओठांचे चंबू,
कुणाचं 'फाय', कुणाचं 'फूई',
कात्स्परचं थेट 'फू', आणि मग अर्धा वर्ग बाकाखाली.

लोतॉनमध्ये एक 'म' आहे, मी सांगते,
लिहायचा, पण तोंडात आणायचा नाही.
रूबेन विचारतो, मग ठेवलाय कशाला?
काय सांगू बाळा,
काही अक्षरं पंगतीला बसतात, जेवत नाहीत,
पण पान त्यांचंही मांडावं लागतं.
हे मनातल्या मनात. वर्गात म्हटलं,
"कारण फ्रेंच लोक तसं करतात."

झुनैराचा हात वर. तिचा हात नेहमीच वर.
पान 'ला' का? पान बाई आहे, हे ठरवलं कोणी?

माझ्या भाषेत पान 'ते'.
ना बाई, ना बुवा, आपलं झाडावर असतं.
फ्रेंचांच्या घराला दारं दोनच,
आमच्या सगळ्या 'ते'नी कुठल्या ना कुठल्या
एका दारातून आत शिरायचं.
धुकं शिरलं आणि पुरुष झालं.
वारा इथूनतिथून तोच राहिला.
आणि पाऊस, आमचा दांडगा पाऊस,
तिथे चक्क बाई. ला प्लुई.

हे सगळं मी नाशिकला घोकलं होतं,
भोंडे सरांच्या क्लासमध्ये, पंख्याखाली.
सरांनी फ्रान्स पाहिला होता तो टपाल तिकिटावर.
लोतॉन, लोतॉन, लोतॉन,
एप्रिलात, घामेजल्या वहीवर.
शब्द आधी आला माझ्याकडे.
झाड बावीस वर्षांनी.
या पोरांचं उलटं,
झाड कधीचं खिशात आहे, नाव तेवढं नाही.

तिसऱ्या ओळीवर होतो आम्ही.
ऑटिली अचानक उठली,
बोटांच्या चिमटीत काहीतरी, हनुवटीवर रक्ताचा ठिपका,
आणि ओरडली,
"मिस! तोंब!"

दात.
पुढचा, वरचा, डावीकडचा.
सगळा वर्ग तिच्याभोवती. तोंब! तोंब!
मग पेन्सिल तोंब, डबा तोंब,
कात्स्पर मुद्दाम खुर्चीवरून तोंब.
पाच ओळींमधून त्यांनी एकच शब्द उचलला
आणि सगळं जग त्याच्यावर पाडलं.
दात टिशूत गुंडाळता गुंडाळता
झुनैरानं हळूच विचारलं, "ल की ला?"
ला, म्हटलं. ला दाँ.
ऑटिलीनं मान डोलावली,
जणू तिला ते आधीपासूनच माहीत होतं.

कॅनॉलच्या कडेनं घरी निघाले.
भुरभुर चालूच. इथल्या पावसाला छत्री उघडावी
तर लाजल्यासारखं होतं, न उघडावी तर मुरतो.
हेमूचा फोन. काय गं, पाऊस का तिकडे?

"हो," म्हटलं, "सकाळपासून पडतेय."

"पडतेय?" तो हसायला लागला. "ताई, पडतोय म्हण!"

मी काही बोलले नाही.
कोटाच्या खिशात कुणाचातरी चेस्टनट होता, अजून ओला.